पोत्यावरचा ‘म्युरेट’



आमच्या कचेरीत पावत्या फार येतात. कुणाचे बियाणे उगवलेले नसते, कुणाला अर्जाला जोडायची असते, तर कुणी नुसतेच विचारायला येतो, “साहेब, दुकानदारानं बरोबर दिलंय का बघा बरं.” पंचवीस-तीस वर्षे या पावत्या वाचून मला एक छंदच जडला आहे. खता-औषधांची इंग्रजी नावे त्यांवर मराठीत कशी उतरली आहेत ते मी पाहतो आणि एखादे गमतीचे वाटले तर वहीत टिपून ठेवतो. एकाच खताची माझ्या वहीतली नावे ऐका. मोरेट, मुरट, मिरेट, म्यूरेट, मोरटे. एका पावतीवर तर चक्क ‘मोरया पोटॅश, २ बॅग’ असे होते. गणपतीचे दिवस असावेत.

वाचून हसू येते, हे खरे. पण या माणसांना मी नावे ठेवणार नाही. शब्द हा बैलगाडीच्या धावेसारखा असतो, वापरला की झिजतो. आपण ‘ट्रान्सफॉर्मर’ला ‘डीपी’ म्हणतो, फवाऱ्याच्या ‘नोझल’ला ‘नाझल’ म्हणतो, आणि कुणाचे काही अडत नाही. डीपी जळाली म्हटले की वायरमनला बरोबर कळते. तो येत नाही, ती गोष्ट वेगळी. ‘हायब्रीड’चे तर आपण पार रूपच पालटले. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली, आणि बघता बघता ‘हायब्रीड’ हे ज्वारीचेच नाव होऊन बसले. ‘आज हायब्रीडची भाकर आहे’ असे म्हणू लागलो. मग तो शब्द माणसांनाही लागला. पोरगा जरा उंच आणि नाजूक निघाला की आजी म्हणायची, ‘हायब्रीड आहे मेला.’ आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी ज्वारी आली, तिला घरोघर ‘मिलो’ म्हणत. तो शब्द कुठला, हे कुणी विचारले नाही. पोट भरायचे होते. अमेरिकेत ज्वारीच्या एका प्रकाराचेच ते नाव आहे.

आणि इंग्रजांनी तरी काय केले? आपल्या ‘शर्करे’चे त्यांनी ‘शुगर’ही केले आणि ‘जॅगरी’ही केले. तोच शब्द एका वाटेने अरबस्तान फिरून गेला, दुसऱ्या वाटेने दक्षिणेतून पोर्तुगीजांच्या तोंडी जाऊन पोचला. आज आपल्याच गुळाच्या खोक्यावर परदेशी पाठवताना आपण ‘जॅगरी’ लिहितो. खोबऱ्याचे त्यांनी ‘कोप्रा’ केले. तेव्हा शब्द वाकडा झाला म्हणून कुणी कुणाला हसू नये.

मग लेख कशाला लिहिता, असे तुम्ही विचाराल. अशासाठी, की एक शब्द वाकडा झाला तर नुकसान नाही; पण दोन वेगळे शब्द वाकून एकसारखे झाले, किंवा शब्दाचा अर्थच आपल्यापर्यंत पोचला नाही, तर नुकसान होते आणि ते शेतात दिसते. आधी ‘म्युरेट’चेच घेऊ.

पोत्यावर पूर्वी मोठ्या अक्षरांत ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ असे छापलेले असे. २०२२ पासून अनुदानित खतांच्या पोत्यांवर एकच ‘भारत’ हे नाव आले आणि हे खत ‘भारत एमओपी’ झाले. म्हणजे आता शब्दही गेला, नुसती अक्षरे उरली. त्यातला ‘एम’ म्हणजे म्युरेट. खरा उच्चार ‘म्युरिएट’ असा आहे, पण मराठीत सगळे छापील साहित्यही ‘म्युरेट’च लिहिते, तेव्हा मीही तेच लिहितो. आता हा म्युरेट म्हणजे कोण? इंग्रजी पहिलीपासून शिकलेला, बारावी झालेला मुलगाही सांगू शकणार नाही, कारण शाळेच्या पुस्तकात हा शब्द नाही. रसायनशास्त्राने तो टाकून दिला त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. खताच्या व्यापारात मात्र तो टिकून राहिला. जुन्या वाड्यात एखादे भांडे असते, कुणी वापरत नाही, पण माळ्यावरून खाली काढतही नाही, तसा.

लॅटिन भाषेत ‘मुरिया’ म्हणजे मिठवणी, लोणचे मुरवायचे खारे पाणी. मिठापासून जे आम्ल काढीत, त्याला यावरून ‘म्युरिअ‍ॅटिक’ आम्ल म्हणू लागले. अमेरिकेत फरशी धुण्याचे आम्ल आजही त्याच नावाने विकतात. १७७४ साली शेले नावाच्या शास्त्रज्ञाने या आम्लातून एक हिरवट पिवळा, नाकाला झोंबणारा वायू काढला. तो कशाचा हे नीट कळायला पुढे बरीच वर्षे गेली. शेवटी १८१० साली हंफ्री डेव्ही यांनी सांगितले की हे स्वतंत्र मूलद्रव्यच आहे, आणि त्याच्या रंगावरून त्याला ‘क्लोरीन’ असे नाव दिले. त्यानंतर शास्त्रात ‘म्युरेट’चा ‘क्लोराईड’ झाला. म्हणजे पोत्यातले खत हे सरळ भाषेत पोटॅशियम क्लोराईड आहे. खाण्याचे मीठ सोडियम क्लोराईड, हे पोटॅशियम क्लोराईड. चुलतभाऊच म्हणा.

‘पोटॅश’ हा शब्द तर आपल्या मायबहिणींच्या अधिक जवळचा आहे. ‘पॉट’ म्हणजे भांडे आणि ‘अ‍ॅश’ म्हणजे राख. लाकडाची राख पाण्यात कालवायची, निवळ काढायची आणि भांड्यात आटवायची. खाली जो खार उरतो तो पोटॅश. हा शब्द डच लोकांकडून इंग्रजीत आला. आपल्या घरी भांडी राखेने घासत, परसातल्या वेलांच्या बुडाशी राख टाकत. ती राख टाकणारी आजी पोटॅशच देत होती, फक्त पावती फाडत नव्हती. याच पोटॅशपासून डेव्ही यांनी १८०७ साली जो धातू वेगळा काढला, त्याला पोटॅशियम म्हणतात. आणि पोरे विचारतात की पोटॅशची खूण ‘पी’ न करता ‘के’ का, तर तो ‘के’ कॅलियम या लॅटिन नावाचा आहे. ते नाव अरबी शब्दावरून आले, आणि त्या अरबी शब्दाचा अर्थही राख असाच. ‘पी’ आधीच स्फुरदाने अडवलेला आहे.

आता हे सगळे शब्दपुराण शेतकऱ्याला कशाला हवे? सांगतो. पन्नास किलोच्या पोत्यात, साठ टक्के पोटॅशच्या हिशेबाने, साधारण बावीस-तेवीस किलो वजन क्लोराईडचे असते. जवळजवळ अर्धे पोते! ‘म्युरेट’ या शब्दाने आपल्याला हेच सांगितलेले आहे, पण आपल्याला तो शब्द कळत नसल्याने आपण ते ऐकलेले नाही. ऊस, मका, ज्वारी, कापूस यांना या क्लोराईडचे फारसे काही वाटत नाही. नारळाला तर ते आवडते. पण तंबाखूला ते चालत नाही, पान नीट जळत नाही म्हणून. बटाट्यात पिठूळपणा कमी होतो. आणि द्राक्षाला, विशेषतः जमीन किंवा विहिरीचे पाणी आधीच खारवट असेल तर, पानाच्या कडा करपायला लागतात. अशा पिकांना ‘सल्फेट ऑफ पोटॅश’ द्यायचे असते. त्यात पोटॅश पन्नास टक्के, आणि क्लोराईडच्या जागी गंधक. ते पुष्कळ महाग पडते.

घोटाळा नेमका इथे होतो. बहुतेक म्युरेट तांबूस रंगाचे येते. हे खत आपल्या देशात खाणीतून निघत नाही, सारे बाहेरून येते. खडकातल्या लोखंडाच्या अंशामुळे त्याला तो रंग असतो. म्हणून आपण त्याला ‘लाल पोटॅश’ म्हणतो. सल्फेट पांढरे असते, त्याला ‘पांढरा पोटॅश’ म्हणतो. इथपर्यंत ठीक. पण म्युरेटही शुद्ध करून पांढरे करतात आणि तेही बाजारात मिळते! दुकानात जाऊन नुसते ‘पांढरा पोटॅश द्या’ म्हटले, तर दुकानदार पांढरे म्युरेटही देऊ शकतो आणि तो खोटे बोलला असे म्हणता येत नाही. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या बागेत मी हे स्वतः पाहिले आहे. विहिरीचे पाणी आधीच मचूळ, त्यात दोन हंगाम ‘पांढरा पोटॅश’ ठिबकमधून दिलेला. पानांच्या कडा तांबूस तपकिरी, जशी विस्तवाची धग लागावी. तो रोगाचे औषध मारत होता. पोते पाहायला मागितले तर गड्याने त्याचे अंथरूण केलेले. उलटे करून वाचले, तर अक्षरे स्पष्ट होती: पोटॅशियम क्लोराईड.

द्राक्षपट्ट्यातल्या तरुण पोरांनी यावर आपला उपाय शोधला आहे. ती शब्दच बोलत नाहीत, आकडे बोलतात. ‘झिरो झिरो पन्नास दिलं का?’ ‘नाही, झिरो बावन्न चौतीस चालू आहे.’ चहाच्या टपरीवर हे ऐकणाऱ्या पाहुण्याला वाटेल की मटक्याचे आकडे चालले आहेत. पण पद्धत चांगली आहे. आकड्याचे शुद्धलेखन चुकत नाही. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, याच क्रमाने ते आकडे सगळीकडे छापलेले असतात. ‘झिरो झिरो पन्नास’ म्हटले की सल्फेट ऑफ पोटॅश. ‘झिरो झिरो साठ’ म्हटले की म्युरेट, मग रंग कोणताही असो.

लाल पोटॅश अस्सल आहे का, याची घरगुती परीक्षाही इथेच सांगून टाकतो. चिमूटभर दाणे ओल्या हातावर घ्या, ते एकमेकांना चिकटत नाहीत. पाण्यात विरघळवले की लाल रंग वर तरंगतो. यात शंका आली तर गुणनियंत्रण निरीक्षकाला कळवा, तो रीतसर नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवील. घरच्या परीक्षेवर भांडण करू नका, ते टिकत नाही.

द्राक्षाचा विषय निघालाच आहे तर ‘बोर्डो’ची गोष्ट सांगतो. मोरचूद आणि चुन्याचे ते निळे मिश्रण तुम्ही सगळेच करता. एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. माझ्या वहीत त्याची नावे ‘बोर्ड मिश्रण’ आणि ‘बॉर्डर मिश्रण’ अशी आहेत. बोर्डो हे फ्रान्समधले गाव. तिथल्या द्राक्षबागांत रस्त्याने जाणारी-येणारी माणसे घड तोडून खात. म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे निळे पाणी शिंपडून ठेवीत, विषारी दिसावे म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले की केवडा रोगाने बाग झडली, पण कडेच्या त्या निळ्या वेलींची पाने शाबूत आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ साली ते प्रसिद्ध केले. म्हणजे हे औषध सापडले ते बांधाकडेच्या वेलींवरच. ‘बॉर्डर मिश्रण’ लिहिणाऱ्या आमच्या दुकानदाराला हे ठाऊक नव्हते, पण चुकून त्याने काही अगदीच खोटे लिहिले नाही. एक सूचना मात्र द्यावीशी वाटते. मिश्रण तयार झाले की लोखंडी विळ्याचे चकचकीत पाते त्यात क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला, आणखी निवळी घाला. आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवा.

‘केवडा’ आणि ‘भुरी’ यांना इंग्रजीत एकच आडनाव आहे, ‘मिल्ड्यू’. केवडा तो ‘डाऊनी मिल्ड्यू’, भुरी ती ‘पावडरी मिल्ड्यू’. दुकानात ‘मिल्ड्यूचं औषध द्या’ म्हणणारे शिकलेले लोक मी पाहिले आहेत. बाबांनो, हे म्हणजे ‘पाटलांना बोलवा’ म्हटल्यासारखे झाले. कोणत्या पाटलांना? भुरीला गंधक लागते. केवड्याला गंधक मारून हात दुखण्यापलीकडे काही होत नाही. आपल्या शब्दांनीच बोला. ‘भुरी’ म्हटल्यावर चूक व्हायला जागा नाही.

आता जरा गंभीर गोष्ट.

आमच्या जिल्ह्याच्या कापूस पट्ट्यातली हकीकत आहे. गाव आणि नाव सांगत नाही, त्या माणसाचे आधीच पुरेसे झाले आहे. दीड एकर कपाशी, तुडतुडे पडलेले. शेजाऱ्याने सांगितले, ‘इमिडा मार.’ म्हणजे इमिडाक्लोप्रिड. बाप शेतात, त्याने आठवीतल्या मुलाला ओरडून सांगितले. मुलाने जे ऐकले ते चिठ्ठीवर लिहिले: ‘इमाझा’. दिवस सोयाबीनच्या खुरपणीचे. तालुक्याच्या दुकानात रांग लागलेली, आणि निम्मी रांग सोयाबीनचे तणनाशक घ्यायला आलेली. त्या तणनाशकाचे नाव इमॅझेथापायर. काउंटरवरच्या पोराने चिठ्ठी वाचली, आणि बाटली दिली. दोन्ही औषधे पाण्यासारखी पातळ, दोन्हींच्या नावापुढे ‘एस.एल.’ ही अक्षरे, दोन्हींची सुरुवात ‘इम’ने. दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी झाली.

चार दिवस काही कळले नाही. मग कपाशीची वाढ थांबली. शेंडे पिवळे पडले, नवी पाने बारीक आणि आखडलेली येऊ लागली. मला बोलावले तेव्हा बारा दिवस झाले होते. शेतात तण नव्हते आणि कपाशीही नव्हती म्हटले तरी चालेल. तुडतुडे मात्र होते. बाटली धुऱ्यावर पडलेली मिळाली. मी नाव वाचून दाखवले, तर तो माणूस बाटलीकडे न पाहता मुलाकडे पाहू लागला. मी म्हटले, “त्याच्याकडे बघू नका. आठवीच्या पोराला हे शब्द यायचे कारण नाही.” तक्रार करावी तर हातात काय? चिठ्ठी दुकानात राहिली. पावतीवर लिहिलेले होते, ‘औषध १’. दुकानदार म्हणाला, चिठ्ठीत होते तेच दिले. ते खोटे होते की खरे, हे ठरवायला कागदच नव्हता. त्याने कपाशी मोडली, रब्बीला हरभरा केला, आणि त्या वर्षीचा मुलाचा गणवेश मामाने घेतला.

इंग्रजीतले एकच शेपूट ओळखायला शिका: ‘साइड’. त्याचा अर्थ मारणारा. त्याच्या आधी काय आहे ते पाहा. ‘इन्सेक्टि-साइड’ किडी मारणारे. ‘फंजि-साइड’ बुरशी मारणारे. ‘हर्बि-साइड’ वनस्पती मारणारे. आता तुमचे पीकही वनस्पतीच आहे, तेव्हा ‘हर्बि’ दिसले की थांबा आणि दोनदा विचारा. दुकानात याला ‘विडीसाइड’ म्हणतात, मूळ शब्द ‘वीडिसाइड’. आपल्याकडे तो फार चालतो, पण बाटलीवर बहुधा ‘हर्बिसाइड’ असते. कायद्याने आणखी एक गुंता केलेला आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात ‘कीटकनाशक’ या एकाच शब्दात बुरशीनाशके आणि तणनाशकेही धरली आहेत. म्हणून दुकानाच्या परवान्यावर ‘कीटकनाशके’ असते आणि कपाटात तिन्ही शेजारी शेजारी.

आणि बाटलीवरचा तो रंगीत त्रिकोण! तांबडा, पिवळा, निळा, हिरवा. पुष्कळांचा असा समज आहे की हिरवा म्हणजे पिकाला सौम्य. तसे मुळीच नाही. तो रंग माणसाला ते औषध किती विषारी आहे हे सांगतो. तांबडा सर्वांत जहाल, हिरवा त्या मानाने कमी. पिकाचे काय होईल याचा त्या रंगाशी काही संबंध नाही. हिरव्या त्रिकोणाचे तणनाशकही तुमचे पीक आडवे करू शकते.

माणसाचा विषय निघाला म्हणून एक शब्द मायबहिणींनी मुद्दाम लक्षात ठेवावा. ‘अँटिडोट’. बाटलीबरोबर जे बारीक घडी केलेले पत्रक येते, ज्याची आपण पुडी बांधतो किंवा फेकून देतो, त्यात हा शब्द असतो. त्याचा अर्थ उतारा. विंचवाला उतारा म्हणतो ना, तोच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुम्ही विसरला नसाल. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, काय फवारत होता? ‘कपाशीचे औषध’ या उत्तराचा त्यांना काही उपयोग होत नाही. फॉस्फरस गटातल्या औषधाचा उतारा अ‍ॅट्रोपिन आहे, पण सगळ्याच विषांना तो चालत नाही, आणि काहींना तर नेमका उतारा नाहीच. तिथे लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. तेव्हा रोग्याबरोबर पत्रक न्या. ते नाही सापडले तर बाटली फडक्यात गुंडाळून न्या. नाव तुम्हाला वाचता आले नाही तरी चालेल, त्यांना वाचता येते. म्हणून म्हणतो, फवारणी संपून चार दिवस होईपर्यंत पत्रक घरातल्या देवळीत खोचून ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही असे. आणि उरलेले औषध दुसऱ्या बाटलीत ओतू नका. सरबताच्या बाटलीवर सरबताचेच नाव असते.

बियाण्याच्या पिशवीवरचा एक शब्दही असाच आपल्या डोळ्यांसमोरून जातो. ‘ट्रुथफुल’. ऐकायला किती सोज्वळ, सत्यवचनी हरिश्चंद्रासारखा! त्याचा अर्थ एवढाच, की पिशवीवर लिहिलेले खरे आहे असे विकणारी कंपनी स्वतः म्हणते. मराठीत त्याला ‘सत्यप्रत’ म्हणतात, खूणचिठ्ठी हिरवी असते. निळ्या चिठ्ठीचे ते प्रमाणित बियाणे. ते महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेने तपासून प्रमाणित केलेले असते. हिरव्या चिठ्ठीचे वाईटच असते असे मी म्हणत नाही, पुष्कळ चांगले असते. पण जबाबदारी कुणाची, हे पेरण्याआधी ठाऊक असावे. आणि पिशवी फोडताना चिठ्ठीच्या बाजूने फोडू नका, तळाकडून फोडा. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे ही चिठ्ठी, पिशवी, पावती आणि मूठभर शिल्लक बियाणे, एवढे हातात असले की अर्धे काम झाले.

आता दुकानाची चिठ्ठी कशी लिहावी, ते सांगतो. औषधाचे इंग्रजी नाव शुद्ध लिहिण्याच्या मागे लागू नका. ते जुळले नाही की आठवीच्या पोराचे हाल होतात. मराठीत पीक लिहा, किडीचे किंवा रोगाचे नाव लिहा, आणि कशासाठी हवे ते लिहा. ‘कपाशी, तुडतुडे, कीड मारण्याचे औषध, दीड एकर.’ त्याखाली शेजाऱ्याने सांगितलेले नाव जसे ऐकले तसे लिहा, वाकडे असले तरी चालेल. दोन्ही जुळत नसतील तर चांगला दुकानदार विचारील. मोबाईल हातात असेल तर शेजाऱ्याच्या बाटलीचा फोटोच काढून न्या. फोटोत शुद्धलेखनाची भानगड नाही. दुकानातून निघण्याआधी पावतीवर औषधाचे पूर्ण नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख आहे का ते बघा. ‘औषध १’ एवढेच लिहिले असेल तर पावती परत करा आणि तिथेच उभे राहा. रांग ओरडेल, ओरडू द्या.

घरी आल्यावर बाटली उघडण्याआधी घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला लेबल मोठ्याने वाचायला सांगा, अक्षर अक्षर लावून वाचले तरी चालेल. येवल्याकडच्या एका बाईंनी याची वही ठेवली आहे. डाव्या बाजूला लेबलवरची इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी, चित्रासारखी उतरवलेली. उजव्या बाजूला, ‘हे मिरचीला, फुलकिडीला, पंपाला एवढी टोपणं, ह्या तारखेला मारलं, गुण आला’ किंवा ‘गुण नाही’. बाई सातवी झालेल्या आहेत. मी त्यांना म्हटले, ही वही मला द्या, झेरॉक्स काढून परत देतो. त्या म्हणाल्या, “इथंच बसून बघा साहेब, वही घराबाहेर जात नाही.”

पुढच्या अंकात कांद्याच्या चाळीविषयी लिहीन. चाळीत कांदा सडू लागला म्हणून बऱ्याच जणांची पत्रे आली आहेत.